बहमनच्या आधी

लग्न होऊन मी औरंगाबादला क्वार्टरात आले, त्याच आठवड्यात शेजारच्या अंगणात एक माणूस कळ्यांनी लगडलेला गुलाब छाटताना पाहिला. ऑक्टोबरचं ऊन मी म्हणत होतं आणि हा उंच, पाठीत वाकलेला गृहस्थ पायजमा घोट्याच्या वर खोचून शांतपणे एकेक फांदी खाली टाकत होता. दोन कळ्या तर दुसऱ्या दिवशी उमलल्याच असत्या. मी खेड्यातली आणि तोंडानं फटकळ. कुंपणावरून ओरडले, "ओ, कळ्या हायत की त्याला! दिसंना का तुम्हाला?"

"दिसत्यात," ते म्हणाले. "तुम्ही शिंद्यांच्या घरच्या ना? मग माझ्या सूनबाई झाल्या. अजूर लागला, सूनबाई. अजुरात कळीकडं बघायचं नसतं."

हे हमीदुद्दीन. खात्यातले मोठे ड्राफ्ट्समन. आमचे हे त्यांच्या हाताखाली नकाशे गिरवायचे. सगळी वसाहत त्यांना हमीदचाचा म्हणायची. निजाम, मग हैदराबाद स्टेट, मग मुंबई राज्य, मग महाराष्ट्र, इतकी सरकारं त्यांच्या डोक्यावरून गेली, पण बूड टेकायचं स्टूल तेच राहिलं. निजामाच्या राज्यात कचेऱ्यांचा कारभार फसली सालावर चालायचा. त्याचा पहिला महिना अजूर, तो ऑक्टोबरात लागतो, आणि ऐन थंडीतला, डिसेंबरचा महिना बहमन. सगळं जग जानेवारी-फेब्रुवारीवर आलं तरी चाचांची कात्री फसलीवरच चालायची. अजुरात छाटणी, बहमनात झाड विभागणं आणि हलवणं. त्या दोन महिन्यांच्या बाहेर त्यांनी झाडाला कात्री लावलेली मी एकदा सोडून कधी पाहिली नाही.

छाटायच्या आधी दोन-तीन दिवस ते हात पाठीमागं बांधून झाडाभोवती नुसते फिरायचे. नकाशाच्या कागदाकडं बघावं तसं डोळे बारीक करून बघायचे. मग एका सकाळी बसायचे आणि थांबायचे नाहीत. बाहेरच्या बाजूला तोंड असलेला, कोंब फुटायचा डोळा शोधायचा आणि त्याच्या जरा वर तिरका काप द्यायचा. आत वळलेली फांदी दिसली की म्हणायचे, "ही घरातली भांडणं. काढा." छाटून झालं की बुंध्याभोवतीची माती खुरप्यानं ओढून मुळं उघडी टाकायचे. पाणी तोडायचे. आठ-दहा दिवस ते झाड असं भादरलेलं, उघडंवाघडं उन्हात उभं राहायचं. मला ते बघवायचं नाही. मग शेणखत, माती, पोटभर पाणी. डिसेंबरात असा काही फुलायचा तो गुलाब की आमच्या स्वयंपाकघरात फोडणीचा वास येईना.

साधाच गावठी गुलाब होता, गुलकंदाचा. रंग फिका, काटे बारीक आणि दाट. त्याची फांदी खोचली तर लागत नसे. बुडातून फुटवे यायचे, तेच मुळासकट वेगळे करायला लागायचे. बहमनात चाचा ते वेगळे करायचे आणि वसाहतीतल्या बाया रांग लावायच्या. फुकट द्यायचे, पण अट असायची. जी फुटवा नेईल तिनं आपल्या अंगणातली मूठभर माती आणून फुटवा काढलेल्या खड्ड्यात टाकायची. कुणी विसरली तर दुसऱ्या दिवशी चाचा तिच्या दारात हजर. "बाई, खड्डा उघडा हाय माझा." त्यापायी एकदा सुपरवायझरच्या बायकोशी त्यांचं चांगलंच वाजलं होतं. ती म्हणाली, मातीत काय सोनं हाय का? चाचा म्हणाले, नाय, म्हणून तर मागतोय. ती नाक मुरडत माती टाकून गेली.

त्यांना माणसांशी बोलायची रीत मात्र नव्हती. माझं पहिलं मूल पोटातच गेलं तेव्हा ते दारात येऊन उभे राहिले. हातात डाळिंबं. पायातल्या जोड्यांकडं बघत म्हणाले, "झाड तगलं ना, सूनबाई. फूल काय, पुढच्या साली." मी दार त्यांच्या तोंडावर लावलं. त्यांना काय म्हणायचं होतं ते मला तेव्हाही कळलं होतं, पण मूल म्हणजे गुलाबाचं फूल नव्हे. दोन महिने मी त्यांच्याशी बोलले नाही. ते रोज कुंपणापाशी येऊन खाकरायचे आणि परत जायचे. शेवटी मलाच हसू आलं.

एक गोष्ट सरळ सांगते. माझ्या आजोळी रझाकारांनी फार छळ केला होता. मामाला रातोरात सरहद्दीपलीकडं पळावं लागलं, घर जळालं. त्यामुळं 'त्यांच्या'बद्दल आमच्या घरात काय बोललं जायचं ते निराळं सांगायला नको. पहिलं वर्षभर मी चाचांच्या घरचा चहा कुंडीत ओतायचे. त्यांनी ते पाहिलं असणार, कारण एकदा म्हणाले, "त्या शेवंतीला चहा मानवत नाय, सूनबाई. तुळशीला घाला." माझा चेहरा पडला. पुढच्या खेपेला मी चहा प्याले.

त्यांच्यावर काय गुदरलं ते त्यांनी एकदाच सांगितलं, एका अजुरात, मुळांची माती ओढता ओढता. त्यांचं गाव पैठण रस्त्यावर, चितेगाव सोडून आत. वडील हकीम. अंगणातल्या गुलाबाचा गुलकंद करून गावाला वाटायचे. पोलीस ॲक्शन झाली, निजाम शरण आला, आणि पुढच्या आठ-पंधरा दिवसांत खेड्यापाड्यांतून जुने हिशोब चुकते झाले. ज्यांनी माणसं जाळली होती ते कधीच पळून गेले होते. जे 'आम्ही कुणाचं काय केलंय' म्हणत घरी बसले, ते सापडले. चाचांचे वडील आणि थोरला भाऊ तसे सापडले. आईला शेजारच्या पाटलिणीनं कडब्याच्या गंजीत लपवलं म्हणून ती वाचली. पाटलाच्याच माणसांनी दोघांना ओढ्याकाठच्या बांधाला पुरलं आणि म्हातारीला बैलगाडीत घालून शहरात पोचवलं. म्हातारीनं घरातलं काहीएक घेतलं नाही. ओल्या लुगड्यात गुंडाळलेला गुलाबाचा बुंधा तेवढा मांडीवर होता.

"आन् मी तवा इथं कचेरीत पेन्सिली तासत होतो," चाचा म्हणाले. खुरपं थांबलं नव्हतं.

म्हातारी त्या हिवाळ्यापर्यंतच जगली. तिचं एवढंच मागणं होतं, की झाड धरलं की त्याचा एक फुटवा त्या बांधावर नेऊन लाव. तिथं दगड नाही, नाव नाही, ढोरं चरत असतील. काटा लागला तर ढोर तरी पाय देणार नाही. पाटलाचा मुलगा अधूनमधून निरोप धाडायचा, चाचा, एकदा या, जागा मी दाखवतो. चाचा गेले नाहीत. त्या वर्षी त्यांच्या बरोबरीच्या किती जणांच्या नोकऱ्या गेल्या होत्या. गावात गेलो, कुणी काही बोललं, काही वाढलं आणि नोकरीवर आलं तर? पदरात बायको होती, लहान मुलगी होती. पहिल्या बहमनात हे कारण खरं होतं. पुढं बायको गेली, मुलगी लग्न होऊन हैदराबादला गेली, दिवस निवळले, कारण मात्र राहिलं. दर बहमनात ते फुटवे काढायचे, सगळ्या वसाहतीला वाटायचे, आणि बांधाचा फुटवा तेवढा राहायचा. विचारलं की म्हणायचे, "औंदा नको. पुढच्या साली. रिटायर झालो की जाऊ."

मला या बाबतीत त्यांचा राग यायचा. मी एकदा बोलूनही दाखवलं, "चाचा, दुसऱ्याच्या दारात गुलाब लावताय आन् बापाच्या नाय." संध्याकाळी ते आमच्याकडं पेपर वाचायला आले, तो उलटा धरून बसले आणि निघून गेले.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. पाऊस नाही तो नाहीच. नळाला दिवसाआड तासभर करंगळीएवढी धार, नंतर तीही गेली, आणि टँकरभोवती घागरींच्या मारामाऱ्या सुरू झाल्या. वसाहतीत वाटलेले गुलाब एकामागून एक वाळले. माझाही वाळला. माणसाच्या घशाला पाणी नाही तिथं झाडाला कोण घालतं? चाचांचं मूळ झाड तेवढं हिरवं राहिलं, आणि बायांची कुजबूज सुरू झाली.

त्याचं असं होतं. एरवी चाचा शुक्रवारच्या शुक्रवार मशिदीत जाणारे. त्या वर्षी मात्र ते पाचही वेळा नमाज पढायला लागले. बुंध्याशी एक सपाट दगड टाकला होता, त्यावर बसून अर्ध्या लोट्यात वजू करायचे आणि हातपाय धुतलेलं पाणी बरोबर मुळांशी उतरायचं. टँकरपाशी कुणीतरी टोमणा मारलाच, "चाचा, नमाज अल्लाची चाललीय का झाडाची?" सगळ्या हसल्या. चाचा कानापर्यंत लाल झाले. "खरं हाय," म्हणाले, "वर हिशोब व्हईल तवा व्हईल." आणि आपली अर्धी भरलेली कळशी उचलून गेले. नंतर त्यांना कुणी काही म्हणालं नाही.

त्या अजुरात त्यांनी छाटणी केली ती नावापुरती. बहमनात बुडाशी एकही फुटवा आला नव्हता. मी म्हणाले, चाचा, मेमध्ये तुम्ही रिटायर होताय, आताच मूळ फोडून घ्या. त्यांनी झाडाला हात लावून पाहिला. "तहानलेल्याला चिरू नये, सूनबाई. पाऊस होऊ द्या. पुढच्या बहमनात..." बोलता बोलता ते थांबले, कारण पुढच्या बहमनात ते इथं असणार नव्हते.

खरं तर असायला हवे होते. चाचांचा जन्म बहमनातला. नोकरीला लागताना तसाच नोंदला होता, फसली महिन्यानं. पोलीस ॲक्शननंतर मुंबईकडचे नवे कारकून आले. त्यांना अजूर-बहमन कशाशी खातात माहीत नव्हतं. आपल्याकडं ज्याची जन्मतारीख ठाऊक नाही त्याला मास्तर एक जून चिकटवतात, तसा कारकुनानं सगळ्या मुसलमान नोकरदारांना एक जून चिकटवला आणि म्हणाला, सही करा. चाचांनी केली. वडिलांना आणि भावाला पुरून महिना झाला नव्हता. त्या दिवसांत कचेरीत कुणी काही पुढं केलं की ते 'जी' म्हणायचे आणि सही करायचे. सहा महिन्यांनी काय बिघडतं, असं तेव्हा वाटलं असणार. आता ते सहा महिने नेमके उन्हाळा आणि थंडी यांच्यामधले निघाले. मे अखेर क्वार्टर सोडायचं. रोहिणीच्या उन्हात झाड उपटणं म्हणजे मारणंच.

आमच्या ह्यांनी फारच मागं लागून त्यांना साहेबाकडं नेलं. साहेब तरुण होता, उद्धट नव्हता. म्हणाला, "हमीदुद्दीन, सही तुमचीच ना?"

"जी."

"इतकी वर्षं बोलला नाहीत. आता मी काय करू सांगा."

"नोकरी नको, साहेब. क्वार्टर तेवढं पावसापर्यंत द्या."

पण क्वार्टर आधीच दुसऱ्याला दिलेलं होतं. तो बिचारा बदली होऊन आलेला, कुणाच्या तरी पडवीत बिऱ्हाड मांडून होता आणि बायकोचे दिवस भरत आले होते. हे कळल्यावर चाचांनी क्वार्टरचं मागणं सोडलं. दोष द्यावा असा कुणी हाती लागत नव्हता, आणि मला तर कुणाला तरी शिव्या द्यायच्या होत्या.

मी उपाय काढला. कुंपणाच्या अलीकडं मी होतेच की. "चाचा, झाड राहू द्या. नव्या माणसाला मी सांगते. माझ्या वाटणीतला तांब्या मी रोज घालीन. तुम्ही बहमनात हैदराबादहून या, मूळ फोडा, अन् घेऊन जा गावाला."

ते ओट्यावर बसले.

"तुम्ही घालचाल, मला माहीत हाय. झाड जगंल बी. पर मी येईन असं वाटतं तुम्हाला?"

"का नाय येणार?"

"इतके बहमन मी पुढच्या साली म्हणत आलो. इथून एका तासाची एस्टी, ती मला धरता आली नाय. हैदराबादहून येणार व्हय मी? तिथं नातवंडं हायत, पलंग हाय. बहमन आला की मी म्हणीन, थंडी लई हाय, औंदा नको. झाडासाठी थांबलो, सूनबाई, असं सगळ्यांला सांगितलं मी. झाड कायम तयार होतं. मीच भेत होतो. आता झाड ठेवून गेलो तर गेलोच मी."

"पण आता काढलं तर लागणार नाय ना?"

"नाय लागणार," ते म्हणाले. "पर घेऊन जायला तर लागंल."

मला रडू आलं आणि ते त्यांच्यासमोरच आलं.

शेवटच्या दिवशी उजाडायच्या आत ते खणायला बसले. मी आणि हे मदतीला गेलो तर त्यांनी आम्हाला लांब उभं केलं. आधी कात्री घेतली. हिरव्या फांद्या होत्या, पाच-सहा पानं तकाकत होती, वर एक खुरटं फूलही होतं. त्यांनी सगळं उतरवलं. वैशाख सरत आला आणि हा माणूस छाटणी करतोय, हे बघवत नव्हतं. हात नेहमीसारखा चालत नव्हता. डोळा न शोधताच ते कापत होते. मग कुदळ. जमीन दगडासारखी झाली होती. मूळ खोल गेलेलं, ते पुरतं निघेना. शेवटी कट्‌कन आवाज झाला आणि मधलं मूळ तुटलं. चाचा तसेच उकिडवे बसून राहिले. ह्यांनी पुढं होऊन बुंधा उचलला. मी घरातली दिवसाची घागर आणली आणि गोणपाट भिजवलं. ते नको नको म्हणत होते. मी ऐकलं नाही.

हे कचेरीत गेले. चाचांच्या ट्रंका आदल्या दिवशीच रेल्वेनं हैदराबादला गेल्या होत्या. डबा घेऊन मी त्यांच्याबरोबर स्टँडवर गेले. त्यांनी ठेवणीतली शेरवानी घातली होती, त्या उन्हात. मी विचारलं, एवढं कशाला? म्हणाले, वडलांकडं चाललोय.

पैठणची गाडी लागली. कंडक्टरनं गोणपाटातून बाहेर आलेले काटे पाहिले. "आजोबा, काटेरी बोजा आत नाय चालायचा. टपावर टाका."

"टपावर जळंल, बाबा."

"मंग पुढच्या गाडीनं या." तो वाईट नव्हता. गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती, लेकुरवाळ्या बाया, कामावर निघालेली माणसं, गाठोडी. चाचा खाली उतरले. पुढची गाडी कधी, ते चौकशीवाल्यालाही सांगता येईना.

मी म्हणाले, शेडमध्ये बसा. पण शेड गच्च होती. गावं सोडून आलेले लोक भांडीकुंडी घेऊन तिथं आडवे झाले होते. एका म्हाताऱ्यानं सरकून जागा केली, ती एका माणसापुरती होती. चाचांनी बुंधा तिथं ठेवायला घेतला तसं शेजारच्या बाईनं तान्ह्या पोराला काटे लागतील म्हणून हात आडवा केला. चाचांनी तिला सलाम केला आणि बुंधा उचलून बाहेर आणला.

पहिल्या मुलानंतर झालेली माझी लेक घरी एकटी होती. मला निघणं भाग होतं. मी डबा त्यांच्या हातात दिला, पाया पडले. ते म्हणाले, "जा सूनबाई. ऊन चढतंय."

तो गुलाब तिथं लागला का, त्या बांधाचा पत्ता लागला का, हे मला कधी कळलं नाही. हैदराबादहून त्यांच्या मुलीचे सलाम येत राहिले, ते वारले तेही कळलं, पण गावाचं कुणी काही सांगितलं नाही आणि मला विचारवलं नाही. गाडी मिळाली असेल एवढं मात्र मी धरून चालते.

त्या दिवशी स्टँडच्या फाटकापाशी पोचल्यावर मी वळून बघितलं. चाचांनी बुंधा जमिनीवर ठेवला होता आणि ते सूर्याकडं पाठ करून, शेरवानीचे दोन्ही पदर हातांनी फाकवून, त्याच्या अगदी लगत उभे होते. त्यांची सावली गोणपाटावर पडली होती. बाराचा सुमार होत होता, सावली पायाशी गोळा होत चालली होती, आणि ते इंच इंच पुढं सरकत होते.